'अल-बुराक'चा हिशेब : मध्यम देशाला वेगवान रेल्वे परवडते काय?

मोरोक्कोचे राजे मुहम्मद सहावे यांनी २०१८ साली आपल्या देशातील नव्या वेगवान रेल्वेला 'अल-बुराक' हे नाव दिले. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या मेअराजच्या प्रवासातील स्वारीचे हे नाव. मुसलमानाच्या कानाला ते गोड लागणारच. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांना सोबत घेऊन राजांनी उद्घाटन केले आणि आफ्रिका खंडात ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावणारी पहिली गाडी सुरू झाली.

नाव चांगले ठेवावे, यात शंका नाही. पण 'बरकत' नावाची किती दुकाने आमच्या बाजारात उघडली आणि किती बंद झाली, हेही आम्ही पाहिले आहे. धंद्याचे खरे काय ते वहीत कळते, पाटीवर नाही. म्हणून अल-बुराकची वही एकदा उघडून पाहावी, असे आम्हांला वाटले.

या विषयाला कारण घडले ते आपल्याकडचेच. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली, तेव्हापासून यंत्रमागाच्या गावांत चहाच्या टपरीवरही ही चर्चा निघते. सुरतेला माल पाहायला जाणारा म्हणतो, सकाळी जाऊ आणि दुपारच्या जेवणाला घरी येऊ. दुसरा म्हणतो, तेवढ्या पैशात भिवंडीचे सगळे रस्ते नवे झाले असते. दोघांचेही बोलणे अर्धेच आहे. त्यातून भारत हा अवाढव्य देश. एवढा मोठा खर्चही येथे कोठल्या कोठे जिरतो ते कळत नाही. मध्यम आकाराच्या देशात तसे होत नाही. लहान दुकानातून एक ताका कमी झाला तरी संध्याकाळी गल्ला मोजताना लक्षात येते. तेव्हा हा प्रश्न समजून घ्यायचा तर मध्यम देशाकडे पाहावे.

हज-उमऱ्याला जाऊन आलेल्या आमच्या वाचकांपैकी अनेकांनी मक्का ते मदिना हा प्रवास हरमैन गाडीने केला असेल. तीही २०१८ सालीच सुरू झाली. तिच्यात बसून आलेला माणूस म्हणतो, असे सगळीकडे व्हावे. परंतु सौदी अरबस्तानकडे तेलाचा पैसा आहे आणि त्या गाडीचे प्रवासी कयामतपर्यंत कमी होणार नाहीत. असे बांधलेले गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्या देशाला मिळते? म्हणून तो दाखला आम्ही बाजूला ठेवतो.

मोरोक्कोची लोकसंख्या २०२४ च्या गणनेनुसार ३ कोटी ६८ लाख, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तेल नाही. शेती पावसावर. फॉस्फेटच्या खाणी, मासळी, पर्यटक, परदेशी गेलेल्या लोकांनी पाठविलेला पैसा, मोटारींचे कारखाने आणि आमच्या धंद्यातला तयार कपडा, यांवर देश चालतो. असा देश ३२० च्या वेगाची गाडी घेतो, तेव्हा ती ऐपतीची की हौसेची, हे विचारावेच लागते.

आधी त्यांच्या बाजूचे सांगतो. मोरोक्कोची मोठी शहरे अटलांटिक समुद्राच्या काठाने एका दोऱ्यात ओवल्यासारखी आहेत. उत्तरेला टँजिअर, ज्याला अरबीत तंजा म्हणतात. (इब्न बतूता १३२५ साली याच गावातून हजला निघाला आणि चोवीस वर्षे घरी परतला नाही, त्याला घाई नव्हती.) मग केनित्रा, मग राजधानी रबात, मग कॅसाब्लांका, जेथे देशाचा व्यापार आणि बँका. टँजिअर ते कॅसाब्लांका हा रेल्वेचा प्रवास पूर्वी पावणेपाच तासांचा होता. आता तो दोन तास दहा मिनिटांत होतो. दोनशे ते पाच-सहाशे किलोमीटर हे अंतर वेगवान गाडीचे असे जाणकार मानतात. त्याहून कमी असेल तर मोटार बरी, जास्त असेल तर विमान बरे. टँजिअर–कॅसाब्लांका हे अंतर ३२३ किलोमीटरचे. म्हणजे माप बरोबर बसले.

त्यांनी दुसरे एक शहाणपण केले, आणि ते आमच्या मते सगळ्यांत मोठे. संपूर्ण ३२३ किलोमीटर नवा मार्ग त्यांनी बांधला नाही. टँजिअर ते केनित्रा सुमारे १८५ किलोमीटरच नवा घातला. पुढे केनित्रापासून कॅसाब्लांकापर्यंत तीच गाडी जुन्या, सुधारलेल्या रुळांवरून ताशी १६० च्या आतच चालते. नव्या मार्गासाठी रबात आणि कॅसाब्लांका फोडून आत शिरण्याचा खर्च त्यांनी तेव्हा टाळला. जेवढे कापड विरले होते तेवढ्यालाच नवे जोडले. त्यासोबत केनित्रा–कॅसाब्लांका पट्ट्यात तिसरा रूळ आणि सेत्तात–मराकेश मार्गाचे दुहेरीकरण ही साध्या गाड्यांची कामेही हाती घेतली. खर्च मूळ अंदाज २,००० कोटी दिरहमचा होता, तो सुमारे २,३०० कोटींवर गेला. २०२५ च्या मध्याच्या भावाने दिरहम साधारण नऊ-साडेनऊ रुपयांना पडत होता. गाडी २०१५ च्या अखेरीस सुटायची होती, ती २०१८ च्या अखेरीस सुटली. तीन वर्षे उशीर आणि पंधरा टक्के जादा, हे मोठ्या सरकारी कामाच्या मानाने वाईट म्हणता येणार नाही. आपल्याकडे घराचा स्लॅब टाकतानाही यापेक्षा जास्त फरक पडतो.

आता व्यापाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न : यातून माल किती जातो? उत्तर आहे, एक किलोही नाही. वेगवान गाडीत कापडाची गाठ चढत नाही. ती माणसांची गाडी आहे. मग व्यापाऱ्याला तिचा फायदा काय? फायदा आहे, पण तो नव्या रुळांवर नसून जुन्या रुळांवर आहे. ही गोष्ट आमच्या बाजारात फारसे कोणी लक्षात घेत नाही.

टँजिअरच्या पूर्वेला टँजिअर-मेड हे मोठे बंदर २००७ साली सुरू झाले. जवळच २०१२ साली रेनो कंपनीचा मोटारींचा कारखाना उभा राहिला. तयार मोटारी रेल्वेने थेट बंदरात जातात आणि तेथून जहाजात. बंदराचे कंटेनर देशात आत न्यायचे तर जुन्या मार्गावर जागा हवी. एकाच रुळावर प्रवासी गाडी आणि मालगाडी असली की मालगाडीला बाजूला उभे केले जाते, हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रवासी नव्या मार्गावर गेले, तर जुना मार्ग मालाला मोकळा होतो. वेगवान रेल्वेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच. ३२० चा वेग फोटोत दिसतो. मालगाडी वेळेवर सुटणे फोटोत दिसत नाही, पण पैसा त्यात आहे.

परंतु मोकळ्या झालेल्या रुळांवर माल आणण्याचे काम आपोआप होत नाही. मोरोक्कोच्या रेल्वेचे जुने हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे फॉस्फेट. २०१४ साली फॉस्फेटच्या सरकारी कंपनीने खुरिब्गाच्या खाणीपासून जोर्फ लस्फर बंदरापर्यंत नळ टाकला आणि पाण्यात कालवलेले फॉस्फेट नळातूनच पाठवू लागली. रेल्वे एका हाताने नव्या गाडीसाठी कर्ज घेत होती आणि दुसऱ्या हातातून जुने गिऱ्हाईक निसटत होते. दोन्ही एकाच काळात. धंद्यात ज्याने असे दिवस पाहिले आहेत त्याला यातील काळजी सांगावी लागणार नाही.

कर्जाचा विषय निघाला आहे तर जरा थांबून सांगतो, कारण मध्यम देशाची नस येथे आहे.

यंत्रमागाच्या गावात सूत उधार देणारा व्यापारी असतो. मागवाल्याकडे भांडवल नाही. तो सूत घेतो, आणि कापड त्याच व्यापाऱ्याला त्याच्या भावाने देतो. सूत दुसऱ्याचे घेता येत नाही, कापड दुसऱ्याला विकता येत नाही. तो व्यापारी वाईट असतो असे नाही. पण भाव कोण ठरवतो, हे दोघांनाही माहीत असते. जगात वेगवान रेल्वेचा व्यवहार थेट असाच चालतो. जो देश कर्ज देतो, त्याच्याच कारखान्याची गाडी घ्यावी लागते.

मोरोक्कोच्या पहिल्या मार्गाचा करार २००७ साली फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी यांच्या दौऱ्यात झाला. निविदा काढलीच नाही. फ्रान्सने खर्चाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम, बहुतांशी कर्जाच्या रूपाने, उभी करून दिली आणि आल्स्तोम कंपनीच्या बारा दुमजली गाड्या आल्या. उरलेल्यात मोरोक्कोचा स्वतःचा पैसा आणि सौदी, कुवेत, अबुधाबी यांच्या विकास निधींची मदत. त्याच वर्षी मोरोक्कोने फ्रान्सची लढाऊ विमाने नाकारून अमेरिकेची घेतली होती, आणि फ्रान्सची नाराजी काढण्यासाठी रेल्वेचा सौदा झाला, असे तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिले. एका दुकानातून माल घेतला नाही म्हणून ओशाळून दुसऱ्या वेळी जास्त घेणे, हे आम्हीही लग्नसराईत पाहतो. पण ते आपल्या खिशातून होते.

मुंबई–अहमदाबादच्या कामात जपानचे कर्ज आहे आणि तंत्रही जपानचे. इंडोनेशियाची गोष्ट तर शिकण्यासारखी. जकार्ता ते बांडुंग १४२ किलोमीटर. बांडुंग म्हणजे त्यांचे कापड-कारखान्यांचे शहर. जपानने अगदी नाममात्र व्याजावर कर्ज देऊ केले, पण सरकारची हमी मागितली. चीन म्हणाला, हमी नको. व्याज मात्र दोन टक्के. २०१५ साली इंडोनेशियाने 'हमी नको' म्हणणारा सावकार निवडला. खर्च वाढला, १२० कोटी डॉलरची जादा रक्कम लागली, आणि २०२१ मध्ये सरकारला शेवटी आपल्या तिजोरीतून पैसा घालण्याची परवानगी द्यावी लागली. गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. चांगली धावते. २०२५ मध्ये त्या कर्जाची फेररचना कशी करावी, याच्या वाटाघाटी चालू होत्या. जामीन लागत नाही असे सांगणाऱ्या पेढीवर व्याज का जास्त असते, हे तेथील मंत्र्यांना आमच्या एखाद्या दलालाने दोन मिनिटांत सांगितले असते. (व्याजाचा शरई मसला उलेमांनी सांगावा. येथे आम्ही फक्त व्यवहाराचे बोलतो आहोत.)

मलेशियाने वेगळेच केले. क्वालालंपूर ते सिंगापूर वेगवान रेल्वेचा करार २०१६ मध्ये झाला. सरकारे बदलली, खर्चाची धास्ती पडली, तारखा पुढे गेल्या आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी करार संपला. मलेशियाला सिंगापूरला १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर भरून द्यावे लागले. लोक हसले. आम्हांला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. सौदा अंगावर येणार असे दिसले तर बयाणा सोडून देणारा व्यापारी पुढच्या वर्षीही दुकानात बसलेला असतो.

तैवानची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख. तेथे २००७ साली खाजगी कंपनीने वेगवान रेल्वे चालू केली. गाडी भरून जात होती, तरी कंपनी घसारा आणि व्याजाखाली दबली. २०१५ मध्ये सरकारने सूत्रे हाती घेतली, परवान्याची मुदत ३५ वर्षांवरून ७० वर्षांवर नेली, तेव्हा मेळ बसला. गिऱ्हाईक भरपूर असूनही दुकान बुडू शकते, याचा हा दाखला. आज ती रेल्वे नफ्यात आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परत मोरोक्कोकडे येतो. २०१९ या पहिल्या पूर्ण वर्षात अल-बुराकने सुमारे ३० लाख प्रवासी नेले. सुरुवातीचा अंदाज वर्षाला ६० लाखांचा होता. २०२४ मध्ये आकडा ५५ लाखांच्या आसपास पोहोचला. गाडी रिकामी जात नाही, आणि चालवण्याचा खर्च भाड्यातून निघतो असे तेथील रेल्वे कार्यालय म्हणते. भांडवलाचा बोजा अर्थात वेगळा. तो देशाने उचलला आहे. पण त्याच २०२४ साली मोरोक्कोच्या सर्व गाड्यांतून मिळून साडेपाच कोटी लोकांनी प्रवास केला. म्हणजे दहा प्रवाशांतला एक वेगवान गाडीत, नऊ साध्या गाडीत.

त्या नवांचे काय?

१६ ऑक्टोबर २०१८. उद्घाटनाला बरोबर तीस दिवस बाकी. रबातच्या उत्तरेला बूकनादेल येथे सकाळची साधी गाडी रुळांवरून घसरली. ७ जण मेले, शंभरावर जखमी झाले. ६० ची मर्यादा असलेल्या ठिकाणी गाडी १५८ च्या वेगाने गेली, असे तपासात सांगण्यात आले. या ठिकाणी गाड्या हेलकावे खातात, असे प्रवासी आधीपासून बोलत होते, हेही तेव्हा छापून आले. त्या गाडीत कामावर जाणारी माणसे होती. महिन्याने त्याच पट्ट्यातून दुमजली नवी गाडी पाहुण्यांना घेऊन गेली.

त्याच वर्षी जुलैत तुर्कस्तानात चोर्लू येथे पावसाने मोरीवरची माती वाहून गेली, रूळ अधांतरी लटकले आणि साधी गाडी उलटून २५ जण दगावले. त्या देशाने २००९ पासून अंकारा, एस्किशेहिर, कोन्या, इस्तंबूल अशी वेगवान जाळी विणली आहे. मोरीवर माती धरून राहते की नाही हे पाहायला रुळावरून चालणारा माणूस लागतो. त्याचा पगार किती? आणि तुर्कांना हा धडा आधीही मिळाला होता. २००४ साली जुन्याच रुळांवर 'वेगवान' म्हणून गाडी सोडली आणि पामुकोवा येथे चाळीसच्या आसपास माणसे गेली. घाईने वेग वाढवला तर काय होते आणि साध्या रुळाकडे पाठ फिरवली तर काय होते, या दोन्ही गोष्टी एकाच देशाने पाहिल्या.

आमच्या धंद्यातले उदाहरण घ्या. चोवीस साधे माग असलेला कारखानदार कर्ज काढून एअरजेट माग आणतो. चूक नाही, जमाना बदलतो. पण एअरजेटला स्वतंत्र कॉम्प्रेसर लागतो, न जाणारी वीज लागते, चांगले सूत लागते, पुण्या-मुंबईहून येणारा कारागीर लागतो. हप्ता दर महिन्याला लागतो. मग काय होते? जुन्या चोवीस मागांचे तेल-पाणी थांबते. शटल झिजले तरी चालवू, पट्टा तुटेपर्यंत चालवू. घर मात्र अजूनही त्या चोवीस मागांवर चालत असते. एक दिवस हप्ता चुकतो तो एअरजेटमुळे नाही, चोवीसांपैकी दहा बंद पडले म्हणून. असे कारखाने आम्ही पाहिले आहेत, त्यांचे लिलावही पाहिले आहेत. जो कारखानदार आधी जुने माग ठाकठीक करून, त्यांच्या कमाईतून हप्ता निघेल असे पाहून, मग एक एअरजेट आणतो, त्याच्या घरी पुढे चार होतात.

भाड्याचेही पाहू. सुरुवातीला टँजिअर–कॅसाब्लांकाचे दुसऱ्या वर्गाचे कमीत कमी भाडे १४९ दिरहम होते. त्या वर्षी तेथे कारखान्यातील किमान वेतन महिना अडीच हजार दिरहमच्या जरा वर होते. म्हणजे एका बाजूच्या तिकिटाला दीड दिवसाची मजुरी. मुलाला भेटायला वर्षातून दोनदा जाणाऱ्याला ते जमेल, व्यापाऱ्याला रोजही जमेल. शिलाई कारागिराला रोज जमणार नाही. मजुराने त्यात बसावे म्हणून ती बांधलीच नव्हती, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण कर्ज फेडणाऱ्यांत तोही आहे.

टँजिअरची गोष्ट निघाली की आम्हा कापडवाल्यांना एक तारीख विसरता येत नाही. ८ फेब्रुवारी २०२१. शहरातील एका राहत्या इमारतीच्या तळघरात कपडे शिवण्याचा बेकायदा कारखाना चालत होता. जोराचा पाऊस झाला, पाणी तळघरात शिरले आणि किमान २८ कामगार आतल्या आत मेले. त्यांत बायका जास्त होत्या. ज्या शहरातून ३२० च्या वेगाची गाडी सुटते त्याच शहरात हे घडले. रेल्वे बांधली म्हणून ते मेले, असा आरोप आम्ही करणार नाही. तो खोटा ठरेल. पण २०११ च्या सप्टेंबरमध्ये सार्कोझींच्या हजेरीत पायाभरणी झाली, तेव्हा मोरोक्कोतच काही लोकांनी 'ही गाडी थांबवा' अशी मोहीम काढून विचारले होते की शाळा, दवाखाने, गटारे यांची पाळी कधी. त्यांना प्रगतीचे शत्रू म्हटले गेले. ते शत्रू नव्हते. घरातला जो माणूस मोठ्या खरेदीच्या वेळी 'आधी किराणा भरला का' असे विचारतो, तो कोणालाच आवडत नाही.

इतके सांगून आमचे मत देतो. मोरोक्कोची पहिली खरेदी, सौदा विनानिविदा होता तरी, एकंदरीत योग्य होती. मार्ग दाटीचा होता, अंतर बरोबर होते, नवे काम गरजेपुरते होते आणि जुन्या रुळांवर मालाला जागा झाली. मध्यम देशाने वेगवान रेल्वे बांधूच नये, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मध्यम देशालाही मोठा माग लागतो.

दुसऱ्या खरेदीबाबत आमचे मन इतके साफ नाही. २४ एप्रिल २०२५ रोजी राजांनी केनित्रा ते मराकेश या ४३० किलोमीटर नव्या वेगवान मार्गाचा प्रारंभ केला. एकट्या मार्गाचा खर्च, गाड्या सोडून, ५,३०० कोटी दिरहम. टँजिअर ते मराकेश दोन तास चाळीस मिनिटांत. घाई कशाची? २०३० साली स्पेन आणि पोर्तुगालसोबत मोरोक्कोत फुटबॉलचा विश्वचषक आहे, आणि मार्ग त्याच्या आधी हवा. लग्नाची तारीख ठरली की कारागीर दाम सांगतो आणि आपण देतो, हे ज्याने घर रंगवून घेतले आहे त्याला माहीत आहे. तारखेला बांधलेला खरेदीदार घासाघीस करू शकत नाही. कर्ज देणारेही पुन्हा तेच. वेगवान गाड्या फ्रान्सच्या, मध्यम पल्ल्याच्या स्पेनच्या, उपनगरी कोरियाच्या, आणि ज्याची गाडी त्याचे कर्ज.

मात्र या योजनेत एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे आम्ही पुरते विरोधात जात नाही. एकूण ९,६०० कोटी दिरहमच्या कार्यक्रमात १६८ नव्या गाड्या घ्यायच्या आहेत आणि त्यांपैकी वेगवान फक्त १८. बाकीच्या दीडशे साध्या : शहराभोवतीच्या, जिल्ह्यांतल्या, मध्यम पल्ल्याच्या. शिवाय आहे ते रूळ आणि गाड्या ठीक ठेवण्यासाठी १,४०० कोटी वेगळे. जुन्या मागांचे तेल-पाणी या वेळी कागदावर तरी धरलेले आहे. त्या नऊ प्रवाशांच्या दृष्टीने ही बातमी अठरा गाड्यांपेक्षा मोठी आहे, पण मथळे अठरांचेच झाले.

मराकेशच्या पुढे दक्षिणेला अगादीर आहे. काही लाख वस्तीचे बंदर. मासळी, संत्री आणि भाजीपाला तेथून जगभर जातो. तेथे आजही रेल्वेच नाही, वेगवान तर सोडाच साधीही नाही. सगळा माल ट्रकवर. २०२५ मध्ये अगादीरच्याच सरकारी रुग्णालयात बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेनंतर आठ स्त्रिया दगावल्या आणि सप्टेंबरच्या अखेरीस देशभर तरुण मुले रस्त्यावर आली. मैदाने झाली, रुग्णालये कोठे आहेत, असे ती विचारत होती. काही ठिकाणी दंगल झाली. अगादीरजवळ तिघे गोळीबारात मेले. ऑक्टोबरमध्ये सरकारने पुढच्या वर्षी आरोग्य आणि शिक्षणावर सुमारे १४,००० कोटी दिरहम खर्च करण्याचे जाहीर केले. रेल्वेच्या सगळ्या कार्यक्रमापेक्षा ही रक्कम मोठी आहे. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. मागितल्याशिवाय निघत नव्हता.

आपल्याकडच्या वाचकांसाठी यात एक कामाची गोष्ट आहे. मुंबई–अहमदाबादची गाडी सुरू झाली की सुरतेला जाणारे दलाल आणि पेढीवाले तिच्यात बसतील. आम्हीही एकदा बसू. पण व्यापारी संघटनांनी रेल्वेकडे निवेदन द्यायचे असेल तर तिकिटाच्या दराबद्दल देऊ नये. पश्चिम रेल्वेच्या जुन्या मार्गावरचे प्रवासी जेव्हा नव्या गाडीकडे जातील, तेव्हा मोकळ्या झालेल्या वेळेत सूत आणि ग्रे कापडाच्या गाठींसाठी किती मालडबे सुटणार, कोणत्या स्टेशनावर माल चढवू देणार आणि किती वाजता, हे आताच लेखी विचारावे. वेळापत्रक एकदा छापले गेले की मग कोणी ऐकत नाही.